घट

लखनौजवळचं अमौसी म्हटलं की परगावच्या माणसाला विमानतळ आठवतो. त्याला चौधरी चरणसिंहांचं नाव देऊन बरीच वर्षं झाली, तरी कानपूर रोडवरचे टेम्पोवाले अजून ‘अमौसी एअरपोर्ट’ अशीच हाळी देतात. पण विमानं यायच्या आधीपासून तिथं गाव आहे. त्या गावाच्या एका बोळात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक कुटुंब राहत होतं.

तिथल्या विट्याकडची माणसं भारतात कुठंही भेटतात, आणि भेटतात ती बहुधा सराफ्यातच. सोनारांच्या पेढ्यांलगत एखादी अंधारी खोली घ्यायची, भट्टी लावायची आणि जुने दागिने, तुकडे, दुकानातला केर वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हा त्यांचा गलाईचा धंदा. दुष्काळी गावं सोडून पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली. या घरातले आबा लखनौच्या चौकातल्या सराफ्यात चुलतभावाच्या, म्हणजे तात्यांच्या, भट्टीवर वीस-पंचवीस वर्षं बसले. तेजाबाच्या वाफेनं त्यांची छाती गेली. चौकातलं भाडं झेपेना, तेव्हा तात्यांनी त्यांना अमौसीत दोन खोल्या बघून दिल्या आणि महिन्याचा किराणाही आपल्याकडं घेतला.

आबांची एकुलती एक मुलगी लखनौतच जन्मलेली. पाठीवर भाऊ-बहीण नव्हतं, तरी घरात सगळे तिला आक्काच म्हणत. 2002 साली देशात पोलिओची 1,600 मुलं सापडली, त्यातली बाराशेहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशातली होती. आक्का तेव्हा दोन वर्षांची होती. ताप उतरला, पण डावा पाय उठला नाही. आईनं तिला कडेवर घेऊन जितके दवाखाने केले तितकी देवळंही केली असतील. शेवटी पायाला कॅलिपर आलं आणि त्या लोखंडासकट आक्का चालायला शिकली. 2011च्या जानेवारीनंतर देशात वन्य विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. आक्कासारखी मुलं तोवर शाळेत वरच्या वर्गात गेली होती.

अठरा पूर्ण झाल्यावर तिला उत्तर प्रदेश सरकारची दिव्यांग पेन्शन सुरू झाली. त्यासाठी निदान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, तिचा 60 टक्क्यांचा होता. सुरुवातीला महिन्याला 500 रुपये मिळत. 2021 सरता सरता ते 1,000 झाले. पैसे तीन महिन्यांचे एकदम खात्यात येतात. हजार रुपये ही काही मोठी रक्कम नाही, पण या घरात तिची किंमत वेगळी होती. पहिला हप्ता आला त्या दिवशी आईनं आबांचा दम्याचा पंप आणला, आणि तात्यांना न विचारता आणलेली ती त्या घरातली कित्येक वर्षांतली पहिली वस्तू होती. ज्यांनी दुसऱ्याच्या किराण्यावर संसार केला आहे त्यांना यातलं सुख समजावून सांगावं लागणार नाही. पुढं आईनं जे केलं, ते या सुखाला जपण्यासाठीच केलं. ते विसरून तिच्याकडं बघणं अन्याय होईल.

आक्काच्या हातात चिकनची कला होती. ती तिला शेजारच्या खालांनी शिकवली. छपाईवाला लाकडी ठशानं कापडावर निळीची नक्षी उठवतो, बाई ती पांढऱ्या दोऱ्यानं भरते, आणि शेवटी धोब्याकडं नीळ धुऊन जाते आणि नुसता कशिदा उरतो. टेपची सगळ्यांना येते, बखिया पुष्कळांना येतो. पण तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री एकसारखी उठवणं, किंवा एकही धागा न तोडता सुईनं कापडाचे धागे सारून जाळी पाडणं, हे थोड्यांच्या हातचं काम आहे. आक्काला दोन्ही येई. ठेकेदार छापलेला कुर्ता टाकून जाई, आठ-दहा दिवसांनी उचलून नेई आणि तीनशे रुपये ठेवी. तोच कुर्ता चौकात कितीला जातो हे तिला माहीत नव्हतं. तिचं चौकात जाणंच व्हायचं नाही, कारण टेम्पोच्या उंच पायरीवर कॅलिपरचा पाय चढत नसे.

2019च्या मार्चमध्ये विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत मेट्रो सुरू झाली आणि अमौसीला स्टेशन मिळालं. स्टेशनात लिफ्ट होती, डब्याचा तळ फलाटाच्या पातळीत होता. पायरी नसली की एखाद्या माणसाचं जग किती वाढतं, हे पायऱ्या सहज चढणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. चारबागला उतरून पुढं ई-रिक्षानं चौकात, असा आक्काचा रस्ता मोकळा झाला. मधली दोन वर्षं साथीनं खाल्ली. 2022च्या संक्रांतीला ती तात्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेली, स्वतः भरलेला कुर्ता घालून. तिथं जमलेल्या गलाईवाल्यांच्या बायका वाणाचं विसरून तिच्या बाहीवरची जाळी बघत बसल्या. एकीनं लग्नातल्या साडीचं काम सांगितलं, दुसरीनं फोटो काढून कोइम्बतूरच्या नणंदेला पाठवला, नणंदेनं तो मदुराईच्या जावेला. विट्याची माणसं जिथं जिथं पोहोचली होती तिथून तिथून मागणी येऊ लागली. अशी बाजारपेठ जाहिरात देऊन कुणाला मिळाली नसती.

पैसे कुठं घ्यायचे, हा प्रश्न तेव्हा आला.

आईच्या नात्यातले एक मामा नादरगंजच्या बाजूला मोबाइलचं दुकान चालवत. त्यांनी ठासून सांगितलं, “आक्के, तुझ्या खात्यात एक रुपया घेऊ नगं. तुझं आधार त्या खात्याला जोडलंय. पैसं दिसलं की पेन्शन बंद, आन् वर मागची वसुली. पेन्शन घेणाऱ्यानं काम केलेलं सरकारला चालत न्हाई.” आईचा चेहरा उतरला. मामांनीच मग वाट काढली. गिऱ्हाइकांनी पैसे मामांच्या खात्यात पाठवायचे, मामा रोख आणून देणार, आणि या यातायातीबद्दल रुपयामागं चार आणे ठेवून घेणार. मामा लबाड होते असं मी म्हणणार नाही. आपण भाचीवर उपकार करतो आहोत असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि सरकारी नियमाबद्दल ते जे बोलले ते त्यांनी दुकानात येणाऱ्या चार लोकांकडून ऐकलेलं होतं. त्या चार लोकांनी आणखी चौघांकडून. नियमाचा कागद त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

एक वर्ष असं गेलं. आक्का रात्री जागून काम करी, दोन शेजारणींनाही काम देई. पण दारावर पाटी नाही, फोनवर स्वतःचं नाव नाही. गल्लीत कुणी विचारलं तर आई सांगायची, “बसल्या बसल्या टाइमपास करते बिचारी.” खालांच्या हाताखाली दहा वर्षं घासून कमावलेली कला, आणि तिला घरचीच माणसं दारात उभं राहून टाइमपास म्हणत होती. आक्का ऐकून घेई.

तात्या पुढच्या संक्रांतीनंतर एकदा आबांना बघायला आले. मशेरी लावून ओसरीवर बसले आणि म्हणाले, “आक्के, तुझं काम जोरात हाय म्हणं. वही आण बघू.”

“कसली वही?”

“हिशेबाची. गलाईवाल्याची पोर तू, आन् वही न्हाई?”

वही नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या मागं तिनं मागण्या टिपल्या होत्या, कापडाच्या पावत्या डब्यात होत्या, शेजारणींची मजुरी पाठ होती. तात्यांनी ते सगळं पुढ्यात मांडायला लावलं. पासष्टी उलटलेला हा माणूस चौथी शिकलेला, पण बेरीज तोंडी करायचा. सगळी विक्री मिळून 96,000 भरली. कापड, छपाई, दोरा, धुलाई, कुरिअर आणि दोघींची मजुरी धरून खर्च 53,000.

“म्हंजे तुझं उरलं त्रेचाळीस.”

“एकोणीस,” आक्का म्हणाली. “मामांचे चोवीस गेले की.”

तात्या बराच वेळ कॅलेंडरच्या पानाकडं बघत राहिले. गलाईच्या धंद्यात घट हा रोजचा शब्द आहे. दहा तोळे जुनं सोनं मुशीत टाकलं तर दहा तोळे बाहेर येत नाही. डाग जळतो, हीण निघून जातं, थोडं मुशीला चिकटतं. किती जाणार याचा अंदाज मुरलेल्या माणसाला आधीच असतो, आणि त्याहून जास्त गेलं तर तो भट्टी विझवून आधी कारण शोधतो. कारण सापडल्याशिवाय पुढचा माल मुशीत टाकत नाही.

“पेन्शन वर्साची किती?”

“बारा हजार.”

“आन् ती राखायला राखणदाराला दिलं चोवीस.” तात्यांनी कागद उलटा ठेवला. “एवढी घट मी उभ्या जन्मात बघितली न्हाई पोरी. कारण शोध.”

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “भावजी, ते चोवीस आज हायती, उद्या न्हाईती. सरकारचं बारा दर वर्साला येत्यात. माझ्या माघारी हिला कोण बघणार?” तात्यांकडं याचं उत्तर नव्हतं. सरकारचं बारा हजारांचं वचन हातावर पोट असलेल्या घरात चोवीस हजारांच्या कमाईहून जड वाटतं, आणि त्यात आईचं चुकत नव्हतं. चूक दुसरीकडंच होती. पेन्शनला धोका आहे की नाही, हे कुणी जाऊन विचारलंच नव्हतं.

आक्का गेली. दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाच्या जिल्हा कार्यालयात एका बाबूसमोर बसून तिनं सरळ विचारलं, “मी काम केलं तर माझी पेन्शन बंद होते का?” बाबूनं चष्मा काढला. “बेटी, काम करायला बंदी आहे असं कुणी सांगितलं? मर्यादा घरच्या उत्पन्नाला आहे. गावात वर्षाला 46,080, शहरात 56,460.” मग त्यानं खणातून दुसराच अर्ज काढून तिच्यापुढं ठेवला. तो दुकानाच्या योजनेचा होता. दुकान किंवा हातगाडी चालवायला दिव्यांग माणसाला 10,000 रुपये मिळतात, त्यातले 7,500 चार टक्के साध्या व्याजानं कर्ज आणि 2,500 अनुदान. दुकान बांधायचं असेल तर 20,000, त्यात 5,000 अनुदान. जो विभाग पेन्शन देतो तोच विभाग धंद्यालाही पैसे देतो. आक्का तो अर्ज पुन्हा पुन्हा वाचत राहिली. वर्षभर जे ती लपवत होती, त्यासाठी सरकारनं फॉर्म छापलेला होता.

आणि तिचं उत्पन्न? विक्री 96,000 असली तरी उत्पन्न म्हणजे खर्च वजा जाऊन हाती उरतं ते. त्रेचाळीस हजार, आणि घरात दुसरी कमाई नव्हती. घर गावात धरा की शहरात, दोन्ही मर्यादांच्या आतच. ज्या नियमाला भिऊन तिनं चोवीस हजार गमावले, तो नियम तिला लागूच होत नव्हता.

इथं गोष्ट जरा थांबवून एक सांगितलं पाहिजे, कारण सगळा दोष अडाणीपणावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. 46,080 म्हणजे महिन्याला 3,840 रुपये. एवढ्यात कॅलिपरची दुरुस्ती, रिक्षाचं जास्तीचं भाडं, धड माणसाला न लागणारे पन्नास खर्च बसवायचे, आणि 3,841 झाले की हजाराची मदत पुरती थांबते. ती थोडी थोडी कमी होत जात नाही. आपल्या महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी वर्षाला 50,000ची अट आहे. तिथली रक्कम 2025च्या ऑक्टोबरपासून 2,500 केली हे चांगलं झालं, पण कडा तसाच उभा आहे. एका पावलात खाली. अमेरिकेत गरीब अपंगांच्या मदतीत महिन्याच्या कमाईचे पहिले 65 डॉलर मोजतच नाहीत, आणि पुढच्या दर दोन डॉलरांमागं मदत एकच डॉलरनं घटते. पूर्वी नोकरी करून विमा कमावलेल्या अपंगांना तर नऊ महिने पूर्ण मदत चालू ठेवून काम करून पाहता येतं. तिथंही सगळं आलबेल नाही. त्या पहिल्या मदतीसाठी एकट्या माणसाची शिल्लक 2,000 डॉलरच्या वर जाऊ द्यायची नाही ही अट 1989 पासून हललेली नाही, आणि तिथलीही माणसं बचत करायला घाबरतात. पण काम करणाऱ्याला उतरायला पायऱ्या हव्यात, एवढं तरी तिथल्या कायद्यानं ओळखलं. आपला 2016चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की अशा योजनांतली मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान 25 टक्क्यांनी जास्त असावी. आक्काच्या वेळी उत्तर प्रदेशात वृद्धांनाही हजार होते आणि दिव्यांगांनाही हजारच. नियम असा तोकडा असला की त्याच्या आजूबाजूला भीती वाढते, आणि त्या भीतीवर कुणाचे तरी चार आणे पिकतात.

आक्का घरी आली ती मामांच्या दुकानावरून. “मामा, या महिन्यापास्नं पैसं माझ्या खात्यात येऊ द्या.” मामा दुखावले. वर्षभर केलेलं मोजून दाखवू लागले. आक्कानं ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि एवढंच म्हणाली, “तुमी केलं ते मी इसरणार न्हाई. पण आता मला वही लागली.” तिनं खरोखरच वही घातली होती. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, पावत्या मागं टाचलेल्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी खालांचा नातू पळत आला. लेखपाल, म्हणजे तिकडचा तलाठी, मोटरसायकलवरून घर विचारत येतोय, कुणीतरी तक्रार केलीय. तक्रार कुणाची ते कधीच कळलं नाही. आईला ज्याचा संशय होता त्याचं नाव आक्कानं तिला तोंडातून काढू दिलं नाही.

आईनं मात्र क्षणात घर आवरलं. छापलेले कुर्ते गादीखाली, दोऱ्यांचा डबा चुलीमागं. आणि मग ती आक्काकडं वळली. “कॅलिपर काढ. खाटेवर पड. म्या बोलते, तू नुसती कण्हत राहा.”

आक्का जागची हलली नाही.

“आगं पड की! तुझा पाय बघू दे त्यास्नी. लोळागोळा होऊन पड!”

ज्या आईनं हिला उभं करण्यासाठी पाय झिजवले, तीच आई आज हिला आडवं व्हायला सांगत होती. सत्यापन, तपासणी, चौकशी असल्या शब्दांनी गरीब घरात काय काय घडतं याचा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडत नाही. दाखल्यावर साठ टक्के लिहिलेले असतात, पण माणसाला वाटतं की शंभर टक्के दाखवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही. मग जे चाळीस टक्के शाबूत असतात, तेच लपवण्यात जन्म जातो.

“आई,” आक्का म्हणाली, “कशिदा काढून पाय बरा हुतो व्हय? मग कशाला भ्यायचं? दाखला पायाचा हाय. हाताचा न्हाई.” तिनं कॅलिपरचा पट्टा आवळला, गादीखालचे कुर्ते काढून पुन्हा खाटेवर मांडले, आणि दार उघडलं.

लेखपाल तरुण होता, घाईत होता. खाटेवरचे कुर्ते बघून त्याच्या भुवया वर गेल्या. आक्कानं त्याला स्टूल दिलं आणि वही पुढं केली. तो पानं उलटत गेला. कापड कुठून घेता, दोघींना मजुरी कशी देता, कुरिअरची पावती कुठं आहे, असं विचारत गेला. आक्का एकेक पावती काढून देत गेली. आई दाराआड पदर तोंडाशी धरून उभी होती. शेवटी त्यानं वहीतली बेरीज आपल्या कागदावर उतरवून घेतली, आक्काची सही घेतली, आणि उठता उठता एका कुर्त्याच्या बाहीवर बोट ठेवून विचारलं, “ही जाळी तुम्ही पाडलीत? माझ्या बहिणीचं लग्न आहे.” पेन्शन चालू राहिली. बहिणीच्या कुर्त्याचे पैसेही त्यानं पूर्ण दिले, आणि ते वहीत डाव्या पानावर चढले.

पुढचं वर्ष आक्कानं उजेडात काम केलं. पैसे सरळ तिला येत असल्यामुळं कापड रोखीनं आणि स्वस्त मिळू लागलं. काम मागायला तीन बायका आणखी आल्या. 2024च्या मार्चअखेर तिनं वही बंद केली तेव्हा विक्री 1,52,000, खर्च 81,000 आणि शिल्लक 71,000 होती. गावाची मर्यादा ओलांडली होती, शहराचीही.

तिनं एक कागद घेतला आणि पेन्शन बंद करण्याचा अर्ज लिहिला.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एकच प्रश्न घेऊन. “उद्या अंथरुणाला खिळलीस तर?” आक्काजवळ धीट उत्तर नव्हतं. ती म्हणाली, “ते भ्या मलाबी हाय.” मग दोघींनी मिळून त्या भीतीची तजवीज केली. पेन्शनचा जो हजार यायचा, तेवढाच हजार दर महिन्याला पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकायचा, काहीही झालं तरी. अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र कुठं जात नव्हतं. कमाई पुन्हा मर्यादेखाली आली तर पुन्हा अर्ज करायचा, आणि तोही लाजत नाही, हक्कानं. ठेवीचं पुस्तक आईच्या पिशवीत गेलं. दर महिन्याला पोस्टात आईच जाते, आक्काला पाठवत नाही.

त्या अर्जाची बातमी गल्लीत पसरली तेव्हा पुष्कळांनी तिला वेडी म्हटलं. कुणी कमाईचं खरं सांगून हजार रुपये सोडतं का? मला विचाराल तर तिनं हजार सोडले हा गोष्टीचा मुख्य भागच नाही. तिचं उत्पन्न मर्यादेत राहिलं असतं तर ती पेन्शन घेत राहिली असती आणि तेही तितकंच सरळ झालं असतं. जी दिव्यांग बाई पेन्शन घेऊन शिवण चालवते किंवा टपरी टाकते, तिच्याकडं संशयानं बघणाऱ्यांनी आधी मर्यादेचा आकडा वाचावा आणि त्यात महिना काढून दाखवावा.

मागच्या पावसाळ्यात आक्काकडं एक नवी बाई कामाला आली. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी, तीच आईचं बोलणं हातांवरून ओळखून सांगायची. बाईचा बखिया इतका सफाईदार होता की खालांनीही मान डोलावली. महिना भरला. आक्का मोबाइल काढून पैसे पाठवू लागली तशी बाईनं घाबरून तिचा हात धरला. भराभरा खुणा केल्या.

“अम्मी म्हणते, खात्यात नको,” मुलगी म्हणाली. “तिला पेन्शन येते. चाचूंच्या खात्यात टाका. चाचू थोडे ठेवून बाकीचे आणून देतात.” आणि मग आईकडं बघून तिनं पुढचंही सांगितलं. “नाहीतर तुम्ही थोडे कमी द्या, पण रोख द्या. कुणाला सांगू नका.”

कमी देता आले असते. बाई तक्रार करणार नव्हती, तिला ते परवडणारं नव्हतं. लखनौत असे कमी दिलेले पैसे मोजायला बसलं तर वह्या पुरायच्या नाहीत. आक्कानं फोन खाली ठेवला. फळीवरून एक कोरी वही काढली, मधोमध उभी रेघ मारली आणि ती मुलीच्या हातात दिली.

“तुला लिहिता येतं ना? इथं अम्मीचं नाव लिही. डावीकडं आजची मजुरी, पूर्ण लिही. उजवीकडं दोरा, सुई, रिक्षाचं भाडं. आणि अम्मीला सांग, सोमवारी आपण तिघी मेट्रोनं त्या ऑफिसात जाणार आहोत. काय विचारायचं ते मी सांगते, पण विचारायचं तिनं.”

मुलीनं पेन्सिलीचं टोक ओलं केलं आणि लिहू लागली. तिच्या आईनं वाकून तो आकडा बघितला, तो बरोबर आहे का ते बोटांवर मोजलं, आणि दोरा राहिला म्हणून मुलीच्या खांद्यावर टकटक केली.